गार ठेवलेला कोपरा

बाबांनी पाणी पिणं कमी केलंय हे धाकटीच्या लक्षात आलं ते पेल्यावरून. सकाळी ती उशाशी भरून ठेवायची तो पेला दुपारी तसाच, संध्याकाळीही तसाच. उणा झालाच तर ओठ ओले करण्यापुरता. चहाचंही तेच. एरवी कपावर कप रिचवणारा माणूस आता अर्ध्या कपावरच हात आडवा धरायचा.

"पोटाला जड होतो गं."

उभा जन्म सुतारकीत गेला, भुशाच्या ढगात बसून बाबांनी चहाच्या किटल्या संपवल्या, तेव्हा कधी पोटाला जड झाला नव्हता. पण धाकटीनं वाद घातला नाही. चहा नको होण्याचं कारण बाबांच्या पोटात नव्हतं, खोलीच्या दारात होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

थंडीच्या तोंडाशी बाबांना अर्धांगाचा झटका आला होता. दवाखान्यातून आले ते डावा पाय फरफटत. घराला तळमजल्यावर स्वयंपाकघर, लांबोळा पॅसेज, पॅसेजच्या टोकाला बाथरूम आणि मागची खोली, एवढंच. बाकी संसार जिना चढून. मागची खोली म्हणजे बाबांचं कामाचं ठिकाण. तिथलं करवतीचं अजस्र मशीन चार जणांनी ढकलत, शिव्या घालत त्यांच्या एका जुन्या दोस्ताच्या शेडमध्ये नेऊन ठेवलं, "तात्पुरतं" असं तीनतीनदा बजावून, आणि खोलीत मोकळ्या जागी पलंग आला. आई असती तर म्हणाली असती, शेवटी मशीन बाहेर काढायला यांना आजारी पडावं लागलं. पण आई जाऊन बरीच वर्षं झाली होती.

त्या खोलीची जमीन पॅसेजपेक्षा एक पायरी खाली. धडधाकट माणसाला ती पायरी दिसतही नाही. बाबांसाठी मात्र तो डोंगर झाला. बाथरूमला जायचं तर दर खेपेला हाक मारायची. "बाई, जरा येतेस का?" मग धाकटीनं हातातलं टाकायचं, रांगतं पोर कडेवर उचलायचं, दुसऱ्या हातानं बाबांना धरायचं आणि तिघांनी मिळून पायरी चढायची. पोर रांगताना सतत फुर्र फुर्र करायचं म्हणून बाबांनी तिचं नाव इंजिन ठेवलं होतं. "इंजिनाला डबा जोडला," बाबा पायरीवर म्हणायचे आणि हसायचे. पण हसून झाल्यावर मान खाली घालायचे. लेकीला हाक कमी मारावी लागावी म्हणून त्यांनी पाणीच तोडलं होतं.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "यांना ना पायरी चालेल, ना उतार. सपाट जमीन द्या. मग काठी घेऊन आपले आपण जातील."

तर पायरी बुजवायची ठरली. धाकटी एका ऑफिसात जमिनींचंच काम करायची. घरांच्या जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या कशा फिरवायच्या याचे आराखडे काढायची. सध्या इंजिनामुळे अर्ध्याच दिवसाची नोकरी. जमीन वर आणायचीच आहे, खोली बर्फासारखी गार आहे, मग नुसता भराव का घालायचा? इंजिन झोपली की ती स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरायची. नवरा भांडी घासता घासता विचारायचा, "झाली का गं तुझी लेकराइतकी लाडकी जमीन?" ती नुसतं "हूं" करायची.

दारातली पायरी चौदा सेंटीमीटर. त्यात सगळं बसवायचं. खाली जुना कोबा आहेच. त्यावर ऊब जमिनीत झिरपून जाऊ नये म्हणून सहा सेंटीमीटर जाड फोमच्या पाट्या. पाट्यांवर नळ्यांची वेटोळी, आणि त्यांना पोटात घेणारा साडेसहा सेंटीमीटरचा नवा कोबा. तो पातळ केला तर तडकणार, जाड केला तर तापायलाच अर्धा दिवस घेणार. वर फरशी आणि तिच्याखालचा मसाला मिळून दीड. बेरीज चौदा. पॅसेजच्या फरशीला खोलीची फरशी अशी मिळणार की मधून गोटी सोडली तर अडायची नाही. आकडे इतके नेमके जुळले की धाकटीनं पुन्हा एकदा बेरीज केली आणि स्वतःशीच खूश झाली.

"चौदा म्हणजे किती?" बाबांनी विचारलं.

"साडेपाच इंच."

"मग तसं सांग की. सेंटीमीटरनं का लाकूड कापतं कुणी?"

बाबा इंच आणि सुतात बोलायचे. आठ सूत म्हणजे एक इंच. गवंडी आला तो बोटांत बोलायचा. पॅसेजमध्ये उभं राहून त्यानं पायरीला पंजा लावला आणि सांगितलं, "साडेसात बोटं." धाकटी म्हणाली, "चौदा सेंटीमीटर." बाबा पलंगावरून ओरडले, "साडेपाच इंच!" गवंडी म्हणाला, "तिघांची जमीन वेगवेगळी निघाली नाही म्हणजे मिळवली, मिस्त्री."

बोलाफुलाला गाठ पडावी तसं झालं. तो खोलीत उतरला, डावीकडच्या भिंतीकडे निघाला आणि चौथ्या पावलाला त्याच्या अंगठ्यानं अशी काही ठेच खाल्ली की कोपऱ्यातल्या फळ्यांच्या ढिगावरच तो जाऊन पडला.

"अगं आई गं! हे काय आहे इथे?"

धाकटीनं वाकून पाहिलं. जुन्या चटईखालून जमिनीचा एक उंचवटा डोकावत होता. मशीनसाठी ओतलेला कॉंक्रीटचा ओटा. बराचसा फळ्यांच्या ढिगाखाली दडलेला, एक कड तेवढी बाहेर.

"अरे, हा तर ओटा," ती म्हणाली.

"तो मलाही कळला," गवंडी अंगठा चोळत म्हणाला. "आधी सांगायचा होता की, बाईसाहेब."

सांगणार कशी? तिला तो दिसतच नव्हता. रांगायला लागल्यापासून ती त्या ओट्याच्या अंगाखांद्यावर वाढली. खिडकीकडे जाताना घरातलं प्रत्येक माणूस तिथे आपोआप पाय उचलायचं. ती उचलायची, नवरा आता इतक्या वर्षांनी उचलायला शिकला होता. काम चालेल तोवर बाबांचं सामान बांधून त्यांना आपल्या घरी न्यायला थोरली बहीण त्याच सकाळी आली होती. लग्न होऊन परक्या घरी तिचे केस पिकायला आले, तरी हातात कपड्यांचा गठ्ठा धरून समोर न बघता ती त्या कडेवरून बिनचूक पाय उचलून गेली होती. ठेच लागायला बाहेरचा माणूस यावा लागला.

धाकटीनं मोजताना दारात मोजलं होतं, तीन कोपऱ्यांत मोजलं होतं. चौथ्या कोपऱ्यात फळ्या रचलेल्या. त्या कोण हलवणार, पोर उठेल, असं म्हणून तीनवरून चौथा धरून टाकला होता. ऑफिसात दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिनं त्याला उभा सोलला असता. आता गवंड्यानं आणि नवऱ्यानं मिळून फळ्या हलवल्या. ओटा चांगला ऐसपैस निघाला, आणि त्याच्यावर पट्टी धरली तेव्हा तिचे कान गरम झाले.

"तीन सेंटीमीटर."

"दीड बोट," गवंडी म्हणाला.

"एक इंच दीड सूत," बाबा पट्टीकडे न पाहता म्हणाले. "मीच ओतलाय."

म्हणजे त्या तुकड्यात चौदाचे अकराच उरले. सहा, साडेसहा आणि दीड आता तिथे मावत नव्हते.

"त्यात काय," गवंडी म्हणाला. "फोडून टाकतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"फोडायचा नाही."

बाबा मोठ्यानं बोलले नव्हते, तरी इंजिनसुद्धा फुर्र करायची थांबली.

धाकटीला वाटलं, फोडायचा आवाज, धूळ, तेवढ्यासाठी असेल. तिच्याकडे दुसरा उपाय तयारच होता. "नाही फोडत बाबा. ओट्यावर फोमची पातळ पाटी टाकते, वरच्या दर्जाची. तीन सेंटीमीटरची पाटी सहाचं काम करते. नळ्या, कोबा, सगळं वरून तसंच जाईल. काही अडत नाही."

"वरून नळ्या जाणार?"

"हो."

"मग बोल्ट कुठे मारायचे?"

"कसले बोल्ट?"

"मशीनचे. कसले म्हणजे?"

नळ्यांच्या जमिनीत खिळासुद्धा मारता येत नाही. एक भोक चुकलं की सगळी जमीन उकरायची वेळ. हे ती रोज लोकांना सांगायची. बाबांना सांगायचं राहूनच गेलं होतं. मशीन परत यायचं आहे असं आपण धरलेलंच नाही, हे तिला तिथे उभ्या उभ्या कळलं. बाबांनी मात्र पहिल्या दिवसापासून तेच धरलं होतं.

तिनं सांगितलं तसं बाबांनी मान हलवली. "मग राहू दे तुझी जमीन. पायरी आहे तशी बरी आहे."

थोरलीच्या हातातला गठ्ठा पलंगावर आपटला. "बाबा, मशीनचं काय घेऊन बसलात? धड बाथरूमपर्यंत जाता येत नाही आणि—"

"ताई," धाकटी म्हणाली.

"ताई काय ताई? ही पोर कडेवर घेऊन तुम्हाला ओढते. दिसतं का तुम्हाला?"

"दिसतं म्हणूनच पाणी पीत नाही," बाबा म्हणाले.

हे असं उघड्यावर येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. नवरा उगाच फळ्या सारख्या करू लागला. गवंडी खिडकीतून बाहेर बघू लागला.

बाबांनीच मग आवाज खाली आणला. "हे बघा, मी लाकडाच्या पायऱ्या करतो. एकेक इंचाच्या, रुंद, चांगल्या पाऊलभर. दारात एकापुढे एक लावल्या की झालं. तेवढा पाय उचलतो माझा."

"उचलतो कुठे?" थोरली.

"उचलतो. या ओट्यावरून रोज जातो की नाही मी? विचार हिला."

आणि ते खरंच होतं. आजवर कुणी लक्ष दिलं नव्हतं, इतकंच. बाबा काठी घेऊन उठले. पलंगापासून डावा पाय जमिनीवर रेघ ओढत निघाला. सर्र, सर्र, सर्र. ओट्याच्या कडेशी आला, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत अलगद वर झाला, पलीकडे टेकला. जणू त्याला कधी काही झालंच नव्हतं. बाबांनी वळून असं पाहिलं, जसं नवं कपाट दाखवताना गिऱ्हाइकाकडे पाहायचे.

"झालं?"

"हिच्यावरूनही पाय उचलून दाखवा मग," थोरली म्हणाली. तिनं ढिगातली तेवढ्याच जाडीची एक फळी ओढली आणि दारासमोर मोकळ्या जागेत टाकली. "तुमची पहिली पायरी."

बाबा फळीपाशी गेले. थांबले. काठी फळीपलीकडे रोवली, ओठ घट्ट मिटले, मांडीची शीर ताणलेली लेंग्यातून दिसली. पाय जागचा हलला, फळीच्या कडेला अंगठा लागला आणि तिथेच अडला. पुन्हा एकदा. तिसऱ्या वेळी काठी सुटली आणि बाबा पुढे गेले ते गवंड्याच्या छातीवर. तो आता खिडकीतून पाहत नव्हता, केव्हाचा येऊन बाजूला उभा होता.

"धरलंय मिस्त्री, धरलंय."

त्यांना पलंगावर बसवलं. थोरलीनं फळी उचलून परत ढिगावर ठेवली आणि तोंड भिंतीकडे केलं. तिला रडू आलं होतं, आणि ते रागाचं नव्हतं.

बाबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. मग म्हणाले, "त्या ओट्याला ओळखतो माझा पाय. फळीला नाही ओळखत." धाकटीकडे बघून त्यांनी हात झटकला. "फोड ओटा. घाल तुझ्या नळ्या."

पाहिजे होतं तेच मिळालं होतं. पण "फोड" म्हणताना त्यांचा आवाज असा सपाट होता की धाकटीला नकोसं झालं. सपाट तिला जमीन करायची होती, माणूस नव्हे. इंजिन तेवढ्यात रांगत ओट्यावर चढून बसली होती आणि दोन्ही हातांनी कॉंक्रीट थोपटत होती. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. बघता बघता तिला आपली चूक पुन्हा दिसली आणि या वेळी त्या चुकीतच एक जागा दिसली.

"बाबा, पेन्सिल द्या."

झटका आला तरी सुताराची चपटी पेन्सिल कानावरून उतरली नव्हती. तिनं ती घेतली, इंजिनाला उचलून नवऱ्याच्या हाती दिलं आणि गुडघ्यांवर बसून ओट्याभोवती जाड रेघ ओढली, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

"या रेघेच्या आत नळी नाही. फोमही नाही. जुन्या ओट्यावर सरळ भरीव कॉंक्रीट घालायचं, वरपर्यंत. अकरातले दीड फरशीला सोडून साडेनऊ. बाकी सगळीकडे नळ्या फिरतील, इथे आल्या की वळून परत जातील."

गवंड्यानं डोकं खाजवलं. "गरम कोबा फुगतो, गार कोबा नाही. सांध्यावर चीर पडेल."

"सांध्यात फोमची पट्टी उभी लावायची. आणि वर दोन फरश्यांमधली दर्ज नेमकी त्याच रेघेवर आणायची. फुगला तरी पट्टी दाबेल, ओट्याला धक्का नाही."

"हं," गवंडी म्हणाला. "होईल."

"मग या रेघेच्या आत तुम्ही हवी तितकी भोकं पाडा, बाबा. चाळणी केलीत तरी चालेल."

बाबा पुढे वाकले. "लेव्हल?"

"सगळी एक. पॅसेजपासून खिडकीपर्यंत."

"पण हा कोपरा गार राहणार."

"राहू दे गार."

"आणि मशीन आलंच नाही तर?" थोरलीनं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

धाकटीनं पेन्सिल परत बाबांच्या कानावर अडकवली. "तर काही नाही. एक गार कोपरा."

बाबा थोरलीकडे राहायला गेले आणि काम सुरू झालं. ऑफिसातून येता येता धाकटी आधी मागच्या खोलीत डोकवायची, मग पोराला घ्यायची. पाट्या बसल्या, नळ्यांची वेटोळी पसरली. नवरा म्हणाला, कुणी जिलबी सांडल्यासारखं दिसतंय. नळ्यांत पाणी भरून दाब ठेवला आणि मगच कोबा ओतला. ओतताना तिनं या वेळी चारही कोपऱ्यांत पट्टी बुडवून पाहिली, ओट्याच्या बाजूला दोनदा. गवंडी म्हणाला, "आता मलाही मोजून घ्या." मग वाट बघणं आलं. कोबा सावकाश वाळू द्यायचा. वाळल्यावरही नळ्यांतलं पाणी एकदम तापवायचं नाही, हळूहळू वाढवत न्यायचं. बाबा रोज फोन करायचे.

"चालू केलंस?"

"कोमट केलंय."

"घाई करू नकोस. ओलं लाकूड आचेजवळ ठेवलं की कसं वाकडं होतं, माहीत आहे ना?"

"बाबा, घाई तुम्हीच करताय."

"मी फक्त विचारतोय."

फरशी बसली तेव्हा धाकटीनं पॅसेजमधून खरोखर एक गोटी सोडून पाहिली. गोटी दार ओलांडून गेली, खोलीभर फिरली, पलंगाखाली गेली. पोराच्या तोंडात जायला नको म्हणून मग तिला पोटावर झोपून ती काढावी लागली. तिथे पडल्या पडल्या फरशीची ऊब गालाला लागली आणि तिला दोन मिनिटं उठावंसं वाटेना.

बाबा आले. अनवाणी पावलांनी उभे राहिले. उजव्या पायाला ऊब लागली असावी, कारण ते हसले. डाव्याला किती कळलं देव जाणे. मग ते सरळ कोपऱ्यात गेले. जुन्या कडेच्या जागी डावा पाय सवयीनं वर झाला आणि सपाट फरशीवर टपकन पडला. "अरेच्चा," बाबा पायाला म्हणाले, "आता इथे काही नाही रे."

मशीन अजून दोस्ताच्या शेडमध्येच आहे. पण आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी जावयाला ड्रिल धरायला लावून त्या कोपऱ्यात भोकं पाडली आणि एक बुटकं बाक बोल्टनं जमिनीला घट्ट आवळलं. डाव्या हातात जोर नाही. एका हातानं काम करायचं तर बाक हलून चालत नाही. त्यावर ते सध्या इंजिनासाठी चाकांची गाडी तासताहेत. गाडीला तीन चाकं झालीत. चौथं बिघडलं, परत करायचंय. इंजिन खोलीभर फुर्र करत फिरते आणि दर्जेच्या रेघेपाशी आली की हात गार लागून मागे वळते. बाबांना वाटतं, आपण दम देतो म्हणून वळते.

बाक बसलं त्या संध्याकाळी धाकटी चहा घेऊन गेली. बाबांनी कप संपवला आणि बशीत ठेवून पुढे केला.

"अजून अर्धा आहे का?"

"पोटाला जड होईल."

"होऊ दे गं."

ती स्वयंपाकघरात आली, चहा गाळायला घेतला. मागून काठीचा आवाज आला. टक, सर्र, टक, सर्र. पाय आपसूक दाराकडे वळले, पण हाक आली नव्हती. ती हातात गाळणं धरून तशीच उभी राहिली. दारापाशी, पायरी होती त्या जागी, आवाज थांबला. एकदा काठीनं फरशी चाचपल्याचा ठकठक आवाज. मग पुन्हा टक, सर्र, पॅसेजभर, आणि बाथरूमच्या दाराची कडी.

चहा गाळण्यातून कपाबाहेर सांडला होता. तिनं तो पुसला, कप भरून बाबांच्या उशाशी नेऊन ठेवला. शेजारचा पेला रिकामा होता. तिनं तो काठोकाठ भरला.

"कोण साबण इतका उंच ठेवतं गं!" बाथरूममधून बाबा ओरडले.

"उद्या खाली आणते," ती म्हणाली, आणि जागची हलली नाही.